शनिवारपुरती रहिवासी

लग्न झालेल्या बाईवर कसल्या कसल्या जबाबदाऱ्या येतात हे बोहल्यावर चढण्याआधी मला पुष्कळांनी ऐकवलं होतं. सासऱ्यांचं पथ्य, नणंदेचं बाळंतपण, कुळाचार, आलं-गेलं. पण घाटकोपरला राहणाऱ्या, माझ्याहून बऱ्याच मोठ्या असलेल्या एका कमावत्या बाईच्या वर्तणुकीला मी कायद्याने जबाबदार असेन, हे कोणी सांगितलं नव्हतं. ते सांगितलं आमच्या घरमालकांनी, आणि तेही माझ्याच लग्नाच्या पंगतीत, दुसऱ्यांदा जिलबी वाढून घेताना.

ऐंशीच्या पुढची काही वर्षं मी आणि माझी जोडीदारीण या घरमालकांच्या घाटकोपरच्या खोलीत राहायचो. आम्ही त्यांना काका म्हणायचो. काका कोर्टात शिरस्तेदार होते, म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांची भांडणं फायलीत नीट लावून ठेवलेला माणूस. निवृत्तीनंतर भांडणं मिळेनाशी झाली म्हणूनच त्यांनी घरामागची खोली भाड्याने द्यायला काढली असावी, असं माझं अजूनही मत आहे. खोलीला एक मोरी होती, एक खिडकी होती आणि अकरा महिन्यांचा करारनामा होता. खोलीपेक्षा करारनामा प्रशस्त होता. तो काकांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलेला, 'कारणे करारनामा लिहून देतो ऐसाजे' अशा थाटाचा. भिंतीत खिळा ठोकू नये, मासळी शिजवू नये, मोठ्याने रेडिओ लावू नये, हे सगळं होतंच. शिवाय एक कलम असं होतं की खोलीत कायम दोन स्त्रियांनी राहावं आणि दोघींनी एकत्रित व स्वतंत्रपणे परस्परांच्या वर्तणुकीस जबाबदार असावं.

दोन बायकांची अट काकूंची होती. एकटी बाई चालणार नाही आणि दोघी चालतील यामागचं शास्त्र त्यांनी मला एकदा मटार सोलता सोलता समजावलं होतं. ''एकटी असली की तिच्यावर लक्ष कोण ठेवणार? दोघी असल्या की एकमेकींवर ठेवतात.'' म्हणजे कैदीही आम्हीच, पहारेकरीही आम्हीच, आणि वर भाडंही आम्हीच द्यायचं. आम्ही आनंदाने सह्या केल्या होत्या, कारण त्याआधी पाहिलेल्या खोल्यांच्या मालकांना दोघीसुद्धा नको होत्या.

माझी जोडीदारीण मालवणकडची. एका कंपनीत स्टेनो होती. लग्न केलेलं नव्हतं, करायचंही नव्हतं, आणि कोणी का म्हणून विचारलंच तर ती ''तुमचं बरं चाललंय ना?'' असं उलट विचारायची. गावाला तिचा भाऊ होता. त्याला मुलं होती, म्हैस होती, सदा आजारी बायको होती, आणि या सगळ्यांचं करायला एक बिनपगारी बाई हवी होती. त्यामुळे बहिणीच्या मायेने त्याला सारखं भरून यायचं आणि नोकरी सोडून ये म्हणून तो पत्रं पाठवायचा. ती खोली हातात होती तोवर त्याला नाही म्हणता येत होतं. नोकरदार बायकांच्या वसतिगृहाला वयाची अट होती, ती तिने केव्हाच ओलांडलेली. आणि एकट्या, अविवाहित, पस्तिशी उलटलेल्या बाईला खोली द्यायला मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत कोणी तयार नव्हतं. खोली गेली की तिची थेट म्हशीपाशी बदली होणार होती.

नव्या करारनाम्यावरची शाई वाळते न वाळते तोच माझं लग्न ठरलं. स्थळ मरोळचं, माझी नोकरी अंधेरीची, तेव्हा सगळ्यांनी मुलाआधी पत्त्याचंच अभिनंदन केलं. मरोळचा उंबरठा ओलांडल्यावर ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने त्यात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, सगळंच नवं. जुन्याचं काय करायचं ते कोणी सांगितलं नाही. तांदळाची दुसऱ्या दिवशी खीर केली.

जिलबी घेताना काका माझ्या नवऱ्याला म्हणाले होते, ''जावईबापू, यांची आमच्याकडची जबाबदारी अजून चालू आहे बरं का.'' नवरा हसला. म्हाताऱ्याला गहिवरून आलं असेल, असं त्याला वाटलं. मलाही तसंच वाटलं. मी ट्रंक उचलून आणली होती, किल्ली जोडीदारणीला दिली होती, दोघी गळ्यात पडून रडलो होतो. घर सोडणं म्हणजे याहून आणखी काय असतं, अशी माझी भाबडी समजूत होती.

महिनाभराने एका रविवारी काका मरोळला हजर झाले. काखेत पिशवी. सासूबाईंनी चहा ठेवला, नवऱ्याने चिवड्याची बशी पुढे केली. काकांनी चष्मा पुसला आणि तक्रार सादर केली.

''तुमच्या जोडीदारणीकडे बुधवारी एक परपुरुष आला होता. आमच्या हिने पाठमोरा पाहिला. उंच, चौकटीचा शर्ट. बराच वेळ आत होता. जाताना काहीतरी जड घेऊन गेला.''

ते जड म्हणजे माझं शिवणयंत्र होतं. आणि चौकटीचा शर्ट त्या क्षणी काकांच्या समोर, हातात चिवड्याची बशी घेऊन उभा होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात नवऱ्याने डोळे वटारले, कारण त्या बुधवारी त्याने आईला ओव्हरटाइम आहे, यंत्र हमाल आणून देईल म्हणून सांगितलं होतं.

''फार वाईट,'' तो काकांना म्हणाला. ''हल्ली कोणाचा भरवसा राहिलेला नाही.''

''मी तेच म्हणतो,'' काका म्हणाले आणि त्यांनी चिवडा घेतला.

मग पिशवीतून करारनामा निघाला आणि खरं कारणही निघालं. त्यांच्या पुतण्याचं लग्न ठरत होतं आणि त्याला जागा हवी होती. ''दोघींपैकी एक निघून गेली, म्हणजे अट मोडली. तुम्ही फक्त एक ओळ लिहून द्यायची, खोलीचा ताबा परत दिला म्हणून. झालं, सुटलात.''

''आणि ती?'' मी विचारलं.

''कागद एकच आहे. तुम्ही ताबा दिलात की कागद संपला. त्यांनाही निघावं लागेल.''

''नाही लिहून दिलं तर?''

''तर पुढच्या सगळ्याला तुम्ही जबाबदार. या परपुरुषालासुद्धा.''

नवऱ्याला ठसका लागला. सासूबाईंनी त्याची पाठ चोळली आणि काका गेल्यावर मला सांगितलं, ''लिहून दे आणि मोकळी हो. नसत्या बायकांच्या भानगडी आपल्याला कशाला?'' सासऱ्यांनीही मान डोलावली. माझ्या सुटकेची सगळ्यांना एवढी घाई होती की मी कशात अडकले आहे हे कोणी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर बस पकडून मी घाटकोपरला गेले. जोडीदारणीने सगळं ऐकून घेतलं. तिच्या कानावर आधीच आलेलं होतं, काकूंनी मटार न सोलताच सांगितलं होतं.

''लिहून टाक,'' ती म्हणाली. ''माझ्यापायी तुझं सासर कशाला बिघडवतेस? नवं नवं आहे.''

मी म्हटलं, ''आणि तू काय करणार?''

ती उठली, स्टोव्हला पंप मारू लागली. स्टोव्ह पेटला तरी मारतच राहिली. ''खंय जातलंय मी?'' ती स्टोव्हलाच म्हणाली. तिचं मालवणी बाहेर आलं की समजायचं, बाई घाबरलेली आहे. एरवी ऑफिसातल्या साहेबालाही ती शुद्ध मराठीत झापायची.

मला भयंकर राग आला. काकांचा आला, काकूंचा आला, त्या पुतण्याचा तर मी त्याला न बघताच आला. सगळ्यात जास्त त्या एका ओळीचा आला. माझ्या एका ओळीने एक बाई तिच्या हक्काच्या जागेतून उठून म्हशीच्या गोठ्यात जाणार, आणि त्याला म्हणायचं काय, तर मी सुटले. मी ओळ लिहायची नाही असं ठरवलं. पण सासरी असं ठरवून चालत नाही, कारण लागतं. ते कारण टपालखात्याने पुरवलं.

मी काही लिहून देत नाही म्हटल्यावर काकांनी रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. पाठवली मरोळच्या पत्त्यावर, पण नाव माहेरचं. कागदावर ज्या नावाने सही आहे त्याच नावाने नोटीस गेली पाहिजे, हा शिरस्ता. मी ऑफिसात होते. पोस्टमनने दारात नाव पुकारलं आणि सासूबाईंनी अगदी प्रामाणिकपणे सांगितलं की या नावाचं इथे कोणी राहत नाही. त्यांना ते नाव आठवतही नव्हतं. पत्रिकेत छापलं होतं तेवढंच, आणि त्यांच्या दृष्टीने ते तांदळाबरोबर संपलं होतं. पोस्टमनने पाकिटावर तसा शेरा मारला आणि नोटीस परत गेली. काकांनी पुन्हा पाठवली. पुन्हा तेच झालं. मग एके रविवारी ती दोन्ही पाकिटं घेऊन ते स्वतः आले, आमच्याकडे चहा प्याले, पाकिटं आम्हाला दाखवली आणि परत पिशवीत ठेवली.

''आता मी समोर बसलेय तर द्या ना हातात,'' मी म्हटलं.

''तसं चालत नाही,'' काका दुखावल्या सुरात म्हणाले. ''पोस्टानेच बजावली पाहिजे.''

आमच्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर एक वकील राहायचे. सासऱ्यांबरोबर ते संध्याकाळी कॅरम खेळत. सासऱ्यांनी त्यांना हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी स्ट्रायकर खाली ठेवला. त्यांना इतका आनंद झालेला मी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

''म्हणजे टपालखात्याने लेखी दिलंय, की या नावाची बाई मरोळला राहत नाही. दोनदा दिलंय. मग ती राहते कुठे? दुसरा पत्ता एकच आहे, कागदावरचा. ती घाटकोपरला राहते.''

''पण ती राहत नाही,'' सासरे म्हणाले. ''ती इथे आत पोळ्या करतेय.''

''पोळ्या करते ती तुमची सून. तिचं नाव वेगळं. कागदावरची बाई घाटकोपरला आहे, म्हणजे अट मोडलेली नाही, म्हणजे अकरा महिने पुरे होईपर्यंत खोली कोणी मागू शकत नाही. फक्त ती तिथे अधूनमधून राहिली पाहिजे. आठवड्यातून एक रात्र नियमाने राहिली तरी राहतेच म्हणायचं. सातही रात्री राहा असं कलमात कुठे लिहिलंय?''

मी पोळपाट सोडून दारात आले होते. सासरे म्हणाले, त्यापेक्षा एक ओळ लिहून देणं सोपं नाही का? वकिलांनी मान हलवली. ताबा दिला म्हणून लिहिणं म्हणजे लग्नानंतर इतके दिवस अट मोडल्याची कबुली देणं. शिवाय ती दुसरी बाई बेघर झाली तर तुमच्या सुनेवर दावा लावू शकते. जोडीदारीण माझ्यावर दावा लावील ही शंका मीच त्या दिवशी जिन्यात, बाकीचं काही न सांगता, वकिलांच्या कानावर घातली होती. सासऱ्यांना दोन गोष्टींची भीती वाटायची, लोकांची आणि कोर्टाची. बराच वेळ ते सोंगट्या मांडत बसले आणि मग असं दिसलं की कोर्टाची थोडी जास्त वाटते.

''सूनबाई,'' ते म्हणाले, ''दर शनिवारी घाटकोपरला राहत जा.''

असा हुकूम मिळालेली मरोळमधली मी एकटीच सून असेन. बाकीच्यांना माहेरी एक रात्र राहायचं तर महिनाभर आधीपासून तोंड बघून विषय काढावा लागे. मी शनिवारी ऑफिस सुटलं की पिशवी घेऊन निघायची, आणि सासूबाई शेजारणींना सांगायच्या, ''काय करणार, कायदा आहे.'' कायद्याबद्दल मला आयुष्यात त्या वर्षाइतका आदर पुन्हा कधी वाटला नाही.

काका अंगणात उभे राहून माझी हजेरी घ्यायचे. मी ''आले हं काका,'' म्हणायची आणि ते घड्याळ बघायचे. पहिले काही शनिवार त्यांना आशा होती की मी कंटाळेन. त्यांना काय माहीत! मरोळला नळाला पहाटे पाणी यायचं आणि ते भरायला सुनेनेच उठायचं असतं हे पाण्यालाही ठाऊक होतं. घाटकोपरला रविवारी ऊन खिडकीतून पायावर आलं की मी उठायची. जोडीदारीण चहाचा कप हातात द्यायची. मग काका-काकू प्रवचनाला जायचे आणि ते वळणावर दिसेनासे झाले की आम्ही बांगडे काढायचो. ते परत येणं आणि तळणीचा वास जाणं यांची दर रविवारी शर्यत लागे. वास हरला की आम्ही उदबत्त्यांचा अख्खा पुडा लावायचो. काकू येऊन म्हणायच्या, ''फार देवधर्म करता बाई तुम्ही.''

मी तिथे सुखी होते, हे सरळच सांगते. नवरा माझा वाईट नव्हता. शिवणयंत्र डोक्यावर घेऊन घाटकोपरहून आलेला माणूस वाईट कसा असेल? पण त्या खोलीत मला कोणाच्या तरी काहीतरी असावं लागत नव्हतं. जोडीदारीण मला जुन्याच नावाने हाक मारायची. आठवड्यातून एक दिवस ती हाक ऐकली की उरलेले सगळे दिवस नव्या नावाला ओ द्यायला मला जड जात नसे.

खोली वाचली ती मात्र माझ्या राहण्याने नाही. पुतण्याच्या होणाऱ्या बायकोने घरामागची मोरीवाली खोली बघून नाक मुरडलं आणि त्याने नाहूरला जागा घेतली. आणि दुसरं म्हणजे, काकांचा तेव्हा महापालिकेशी समोरच्या उघड्या गटारावरून लढा चालू होता. त्यांचे अर्ज हाताने लिहिलेले असल्यामुळे कोणी वाचत नव्हतं. जोडीदारणीने एक अर्ज ऑफिसात टाइप करून दिला. त्याला चक्क उत्तर आलं. गटार होतं तसंच राहिलं, पण काकांच्या नावाने छापील कागदावर उत्तर आलं, आणि ते त्यांनी काकूंना दोनदा वाचून दाखवलं. मग अर्ज वाढले. पाणी, कुत्री, रस्त्यावरचे दिवे. काकांना कळून चुकलं की घरात फुकटची स्टेनो आहे आणि आपण तिला काढायला निघालो होतो. एकट्या बाईवर लक्ष कोण ठेवणार, हा प्रश्न काकूंनी पुन्हा काढला तेव्हा काका म्हणाले, ''मी ठेवतो. अर्ज घेऊन रोज बसावंच लागतं.''

अकरा महिने संपले त्या शनिवारी दुपारीच मी गेले. नवा करारनामा तयार होता. त्यात लिहून देणारी एकच होती, माझी जोडीदारीण. तिने नवी साडी नेसली होती आणि सारखी पदराने कपाळ टिपत होती. इतकी वर्षं मुंबईत काढून तिच्या एकटीच्या नावावरचा हा पहिला कागद होता. आता भावाच्या पत्रांना उत्तर लिहायचीही गरज नव्हती. मला इतकं बरं वाटलं की मी काकांच्या पायासुद्धा पडले असते.

आधी जुन्या कागदाच्या मागे मला ती ओळ लिहायची होती, ताबा परत दिला म्हणून. आता त्या ओळीने कोणाचं वाकडं होणार नव्हतं. खाली माहेरच्या नावाची सही. बँकेत, ऑफिसात सगळीकडे नवी सही सुरू झालेली, त्यामुळे हात अडखळला. काकांनी जुन्या सहीशी ताडून पाहिली आणि पास केली. मग म्हणाले, ''नव्या कागदावर साक्षीदार म्हणूनही करा. ही आत्ताच्या नावाने.''

साक्षीदाराने वाचून सही करावी असं मला काकांनीच शिकवलं होतं, म्हणून वाचलं. खिळा होता, मासळी होती, रेडिओ होता. दोन बायकांचं कलम गेलं होतं. त्याच्या जागी नवं होतं. लिहून देणारीने कोणाही परक्या व्यक्तीस रात्री मुक्कामास ठेवू नये, ठेवल्यास करार रद्द समजावा. त्याखाली जोडीदारणीची सही आधीच झालेली होती.

''परकी म्हणजे कोण?'' मी विचारलं.

''कागदावर जिचं नाव नाही ती,'' काका म्हणाले.

''माझं आहे ना. साक्षीदार म्हणून.''

''साक्षीदार राहत नाही हो,'' काका समजावणीच्या सुरात म्हणाले. ''साक्षीदार नुसता बघतो.''

मी जोडीदारणीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, कागदाकडे बघत होती. तिच्या जागी मी असते तर मीही केली असती सही, एका रात्रीच्या पाहुणीसाठी कोण खोली घालवतं? ''दिवसा येत जा गो,'' ती म्हणाली. मी सही केली.

काकूंनी सगळ्यांना पेढे दिले. काकांनी कागदाची घडी घातली, घड्याळ पाहिलं आणि मला म्हणाले, ''निघा आता. दिवेलागणीच्या आत गेलेलं बरं, नाहीतर पहिल्याच दिवशी कलम मोडायचं.'' ते विनोद करत होते. काकू हसल्या, जोडीदारीणही हसली. रात्रीचे कपडे घातलेली माझी पिशवी कोपऱ्यात होती, ती उचलून मी बसस्टॉपवर आले आणि मरोळची बस येईपर्यंत रडत उभी राहिले.